सेल्समध्ये जायचंय? मग डिग्रीवर किती पैसे घालायचे?

आजचा विषय म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात सध्या चालू असलेला वाद. बारावी झाली, बोलायला छान जमतं, सेल्समध्ये जायचंय. आई-बाबा म्हणतात, आधी डिग्री घे. मित्र म्हणतो, सेल्समध्ये डिग्री कोण विचारतं, टार्गेट मार आणि पैसे घे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, सेल्स शिकवायला बसलेलो नाही. आज फक्त हिशोब करू.

पहिला प्रश्न. डिग्री नक्की कुठे लागते? विमा एजंट व्हायला दहावी पुरते, त्यावर परीक्षा द्यायची. म्युच्युअल फंड विकायचे तर बारावी आणि एनआयएसएमची परीक्षा. फ्लॅट विकायचे तर महारेराचं प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी. यात पदवी कुठेच नाही. मोबाइलच्या किंवा गाड्यांच्या शोरूमवरही बारावीवाल्याला काम मिळतं.

आता दुसरी बाजू. बँकेत सेल्स ऑफिसर, औषध कंपनीत एमआर, आयटी कंपनीत सॉफ्टवेअर विकणारा, इथे बहुतेक वेळा पदवी मागतात. एमआरला तर बीएस्सी किंवा बीफार्म असेल तर बरं. ऑनलाइन अर्जात 'ग्रॅज्युएट' हा रकाना रिकामा राहिला की तुमचं बोलणं कितीही गोड असो, ते ऐकायला समोर कुणी येतच नाही.

म्हणजे सेल्समध्ये डिग्री हे गेटपास आहे. आत सोडते. पण आत गेल्यावर इन्सेंटिव्ह डिग्री बघून मिळत नाही, विक्री बघून मिळतो. मग गेटपाससाठी किती मोजायचे?

सोपं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, खासगी कॉलेजचं बीबीए, वर्षाला २ लाख फी. तीन वर्षांचे ६ लाख. पण खर्च इथे संपत नाही. त्या तीन वर्षांत तुम्ही महिना १५ हजारांची नोकरी केली असती तर ५ लाख ४० हजार मिळाले असते. ते बुडाले. एकूण ११ लाख ४० हजार. ही बुडालेली कमाई घरात कुणी धरतच नाही!

दुसरा रस्ता. सकाळचं कॉलेज किंवा मुक्त विद्यापीठ, आणि सोबत नोकरी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीही आहे. समजा, तीन वर्षांची सगळी फी मिळून ३० हजार. दोन रस्त्यांतला फरक झाला ११ लाख १० हजार. पुढच्या पाच वर्षांत हा फरक भरून काढायचा तर त्या बीबीएने तुम्हाला दरमहा १८,५०० रुपये जास्त मिळवून द्यायला हवेत. व्याज धरलेलंच नाही. देईल का? काही कॉलेजं देतील, पण विचारल्याशिवाय मानू नका.

आता एमबीए. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षं, तर हप्ता साधारण १६,६०० रुपये. शिकताना चढलेलं व्याज वेगळं. सेल्सवाल्यांनी इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. तुमच्या पगाराचे दोन भाग असतात, फिक्स आणि व्हेरिएबल. हप्ता मात्र एकच असतो, तो दर महिन्याला येतो, टार्गेट झालं असो वा नसो. त्यामुळे हप्त्याची तुलना सीटीसीशी करायची नाही, हातात येणाऱ्या फिक्स पगाराशी करायची. फिक्स २८ हजार आणि हप्ता साडेसोळा, तर पुण्यात कॉट बेसिसची खोली, मेस आणि पेट्रोल यांतच महिना संपेल.

कुणी म्हणेल, मोठमोठे उद्योजक कुठे शिकले होते? आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हमखास निघतं. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. बेळगावात भावासोबत सायकली विकल्या, आणि भाऊ रामूअण्णा लोकांना सायकल चालवायलाही शिकवायचे. पुढे लोखंडी नांगर बनवले, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी घेईनात. चिकाटीने विकले. सगळं खरं. पण गोष्ट इथे थांबवू नका. याच लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकले आणि पुढे त्यांनीच पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला. विकायला पदवी लागली नाही. पण पुढच्या कामाला शिक्षण लागेल हे घराने ओळखलं होतं.

तेव्हा माझं मत सांगतो. पदवी सोडू नका, पण तिच्यावर उधळूही नका. आज शोरूमवर उभं राहायला ती लागणार नाही. पाच वर्षांनी एरिया मॅनेजरची जागा निघेल किंवा कंपनी बदलायची वेळ येईल, तेव्हा लागेल. आणि अर्जातला तो रकाना महागडी पदवी भरते तशी स्वस्तातलीही भरते, फक्त विद्यापीठ यूजीसी मान्यताप्राप्त आहे ना, हे आधी बघा.

महाग कोर्स घ्यायचाच असेल तर अ‍ॅडमिशनच्या टेबलावर तीन प्रश्न विचारा. सर्वात मोठं पॅकेज नको, मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं? त्यात फिक्स किती? आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या हाच जॉब बाहेरच्या बीकॉमवाल्याला देतात का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर तुम्ही फुकटच्या दरवाजाचं तिकीट काढताय.

आणि हे प्रश्न विचारताना लाजू नका हो. समोरचा तुम्हाला सीट विकतोय. तुम्हाला सेल्समध्येच जायचंय ना? मग पहिली घासाघीस इथेच करा. भेटू पुढच्या भागात!