सौंदर्याचे मापदंड आणि स्त्रीचे आरोग्य

(कोरमंगला, बंगळूर येथे मराठी वाचकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अनुवादकाचे काम शब्द तोलण्याचे. स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या एका पुस्तकाचा अनुवाद करताना वैद्यकीय परिभाषेने मला फारसे अडवले नाही. अडवले ते नित्याच्या वापरातील साध्या शब्दांनी. आपल्या भाषेत 'उजळ' म्हटले की त्यात रंगही येतो आणि गुणही येतो. 'रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' या वाक्यातील 'पण' बोलणाऱ्याच्या कानाला जाणवतही नाही. ज्या मुलीविषयी तो उच्चारला जातो, तिला मात्र तो जन्मभर ऐकू येत राहतो. विठ्ठलाच्या सावळ्या रूपाचे आपण शतकानुशतके कौतुक करीत आलो. त्याच रंगाची मुलगी घरात जन्मली की मात्र हळद आणि डाळीच्या पिठाची वाटी बाहेर निघते.

ही वाटी तशी निरुपद्रवी. पुढे तिची जागा बाजाराने घेतली. 'फेअर अँड लव्हली' हे मलम आपल्याकडे १९७५ साली आले. २०२० साली त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घालण्यात आला. नाव बदलले, तरी गोरेपणाची ओढ त्यामुळे सरली असे नाही. या ओढीचा खरा लाभ उठवतात ती नावगाव नसलेली, लेबलावर घटक न लिहिलेली मलमे. त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने प्रथम चेहरा उजळल्यासारखा वाटतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबवावे तर आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तथापि नियमाची पोच गल्लीतील दुकानापर्यंत असतेच असे नाही.

काही मलमांत पारा आढळतो. त्वचेला रंग देणारे द्रव्य तयार होण्याची क्रिया पारा रोखतो. परंतु तो त्वचेतून रक्तात उतरतो व मूत्रपिंडात साठतो. मग लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात आणि अंगावर सूज येते. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशी इजा झाल्याचे, आणि त्या वापरीत असलेल्या मलमात पारा सापडल्याचे, २०२३ साली उघडकीस आले. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातूनही असे रुग्ण पुढे आले. चेहऱ्यावर लावलेली वस्तू चेहऱ्यापुरतीच राहते, हा समज किती चुकीचा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा मापदंड कृशतेचा. तो आपल्याकडे तुलनेने नवा आहे. १९९४ साली सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी जागतिक किताब मिळवले, आणि २३ नोव्हेंबर १९९६ रोजी याच शहरात चिन्नास्वामी स्टेडियमवर विश्वसुंदरी स्पर्धा भरली. महिला संघटनांनी, शेतकरी संघटनांनी तिला विरोध केला. पोहण्याच्या पोशाखातील फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. विरोधकांचे हेतू एकसारखे नव्हते. परंतु स्त्रीच्या शरीराचे माप कोण ठरवणार, हा प्रश्न त्या वेळी चव्हाट्यावर आला, हे खरे.

चित्रांचा परिणाम किती त्वरेने होतो याचे उदाहरण फिजी बेटांतील आहे. भरदार बांधा ही तेथे प्रतिष्ठेची खूण मानली जाई. १९९५ साली तेथील एका भागात दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्या वर्षी व पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत शेकडा ११ हून अधिक मुलींनी तसे सांगितले. बंगळूरही याला अपवाद नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत येथील सुमारे दोन तृतीयांश मानसोपचारतज्ज्ञांनी आपण खाण्याच्या विकाराचे रुग्ण पाहिल्याचे नमूद केले. शिवाय हे घडते ते कोणत्या देशात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ या काळात १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५७ स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता होती. आधीच रिते असलेले ताट आणखी रिते करण्याचा हा खटाटोप आहे.

येथे मला माझ्या घरातील गोष्ट सांगितली पाहिजे. माझी भाची नोकरीनिमित्त सोलापूरहून येथे आली. सहा महिन्यांत ती बारीक झाली. ती भेटली तेव्हा मी म्हणाले, "किती छान दिसतेस गं!" दिवसभर शब्द तोलणाऱ्या मावशीने हा शब्द न तोलता टाकला. पुढे तिची पाळी थांबली, केस गळू लागले, उन्हाळ्यातही तिला थंडी वाजे. डॉक्टरांनी विचारले, "जेवतेस काय?" उत्तर आले: एक सफरचंद आणि कॉफी.

पुरेसे अन्न मिळेनासे झाले की शरीर काटकसर करते. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, स्त्रीत्वाचे संप्रेरक घटते, आणि ज्या वयात हाडे भरावयाची त्याच वयात ती पोकळ होऊ लागतात. मनही शरीराबरोबर कृश होते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. ते उदास झाले, चिडचिडे झाले, मित्रांना टाळू लागले आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. तेव्हा उपाशी मुलीच्या हट्टीपणाला केवळ तिचा स्वभाव म्हणून दोष देणे अन्यायाचे होय.

भाचीला सावरायला वर्षाहून अधिक काळ लागला. आहारतज्ज्ञ लागले, मानसोपचारतज्ज्ञ लागले, आणि रोज शेजारी बसून न बोलता जेवणारे कोणीतरी लागले. एकदा तिने मला विचारले, "मावशी, मी आजारी होते तेव्हाच तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक कसं केलंत?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

उपाय काही अंशी कायद्याच्या हाती आहेत, बरेचसे आपल्या हाती. लेबल नसलेले मलम घरात येऊ देऊ नये. मुलगी पंगतीत बसणे टाळू लागली, तिची पाळी चुकू लागली, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. आणि पाहुणी दारात आली की तिच्या जाडीची किंवा रंगाची चौकशी न करता, "प्रवास कसा झाला, जेवलीस का?" असे विचारावे. हा प्रश्न आपल्या आज्या विचारीत असत. तो आपण पुन्हा विचारू लागलो, तरी माझ्या या बोलण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.