किरण किती मुरले?

श्रोतेहो, पाऊस पडून गेला की शेतकरी आधी विचारतो, "ओल किती गेली?" आभाळातून किती पडले यापेक्षा जमिनीत किती मुरले, यावर पेरणी ठरते. किरणोत्सर्गाचेही तसेच आहे. किरण आसपास आहेत एवढे कळून भागत नाही. शरीराने किती शोषले ते पाहावे लागते. यालाच 'मात्रा' म्हणतात.

पण या किरणांना ना रूप, ना वास. मग मोजायचे कसे? १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात काय घडले ते ऐका. ओस पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरील यंत्राचा एक भाग दोघांनी काढून नेला आणि भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ होते. अंधारात निळे चमकणारे ते चूर्ण लोकांनी कौतुकाने घरी नेले, अंगाला फासले. चौघे दगावले, त्यांत चूर्णाच्या हातांनी जेवलेली सहा वर्षांची मुलगी होती.

शहर हादरले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. अंगावर किंवा पोटात किरणद्रव्य सापडले ते २४९ जणांच्या. बाकीच्यांना निर्धास्तपणे घरी पाठवता आले, ते मोजले म्हणूनच!

सीझियम पोटात गेले तरी त्याचे किरण शरीराबाहेर येतात. रोग्याला उपकरणासमोर ठेवून ते मोजतात. मलमूत्र तपासतात. रक्तपेशींतील गुणसूत्रांची मोडतोड पाहून मात्रेचा अंदाज बांधतात. 'प्रशियन ब्लू' हे औषध सीझियमला आतड्यात धरून शौचावाटे बाहेर काढते; ते लागू पडते की नाही, हेही मोजणीनेच कळले.

मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये सांगतात. माती, आकाश, हवा, अन्न यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. छातीच्या एका एक्स-रेने सुमारे ०.१, म्हणजे पंधरा दिवसांचे. आणि फोटो निघाल्यावर अंगात काही उरत नाही. तेव्हा क्षयाच्या शंकेने डॉक्टरांनी फोटो सांगितला, तर भिऊन टाळू नका. दिवस गेले असतील तर मात्र आधी सांगा. सी.टी. स्कॅनची मात्रा कितीतरी पट जास्त असते. गरज नसता त्याचा हट्ट धरू नका.

आणि गुरुजी, मुलांना तीन पाकळ्यांची किरणांची खूण फळ्यावर काढून दाखवा. भंगारात तशी खूण दिसली, तर हात लावायचा नाही. दूर व्हायचे आणि पोलिसांना कळवायचे.