विधवेची वाट आणि आपले दान
(सावंगी (मेघे) येथील साहाय्यकांच्या सभेतील भाषण)



परदेशी मंडळ्यांकडून निधी जमवून वर्ध्यात आदिवासींसाठी मानवी हक्क न्यायालय उभारता येईल का, असे काही दात्यांनी मला विचारले आहे.

जगात असे घडले आहे. आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धानंतर 2002 साली विशेष न्यायालय स्थापन झाले. ते देशोदेशींच्या ऐच्छिक देणग्यांवर चालले. 2012 मध्ये त्याने लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना 50 वर्षांची शिक्षा दिली. काम मोठे झाले. पण मध्येच देणग्या अपुऱ्या पडल्या आणि संयुक्त राष्ट्रांना अनुदान द्यावे लागले. न्यायाधीशाला निकालाची काळजी असावी, पुढच्या देणगीची नसावी.

आपल्याकडे मार्ग वेगळा आहे. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 30 प्रमाणे राज्य शासन, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने, जिल्ह्यातील सत्र न्यायालयालाच मानवी हक्क न्यायालय ठरवू शकते. ती जबाबदारी शासनाची. शिवाय 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याने न्यायाधीशांना परदेशी देणगी घेण्यास मनाई आहे. ज्याच्यापुढे आपली माणसे न्याय मागणार, त्याला पोसणारे आपण नसावे, हेच योग्य.

मग आपले दान कशासाठी? लूकच्या 18 व्या अध्यायातील विधवा आठवा. ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली, म्हणून तिला न्याय मिळाला. आपल्या गोंड, कोलाम भगिनींना तेच जड जाते. एका तारखेला दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, लेकरू कोणाजवळ ठेवावे हा प्रश्न असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. 15100 हा मदतीचा क्रमांक आहे. पण हे पाड्यावर जाऊन सांगणारा, अर्ज लिहून देणारा, तारखेला सोबत बसणारा माणूस हवा.

तेवढे आपण करू शकतो, आणि त्यासाठी समुद्रापलीकडे पाहायला नको. या तिमाहीत प्रत्येक कुटुंबाने एका तारखेचे जाण्यायेण्याचे भाडे बाजूला ठेवावे. ज्यांना वेळ आहे त्यांनी एक दिवस द्यावा. विधवेला वाटेत एकटी सोडू नये, एवढीच विनंती. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.