मरळीची काठी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून अध्यात्म ऐकावे, शेती ऐकावी, इतिहास ऐकावा अशी आपली सवय. मी आज गळाने मासे धरण्याच्या काठीविषयी बोलावयास उभा आहे, आणि तेही तापी-गोमाईच्या संगमावर, जिथे लोक दक्षिणकाशी म्हणून केदारेश्वराच्या दर्शनास येतात. श्रोत्यांत जे माळकरी असतील त्यांची मी प्रथमच क्षमा मागतो. घाटाजवळ मी कधी गळ टाकीत नाही, एवढे माझ्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

हा साहेबी षोक आहे असा आक्षेप मात्र मी मान्य करणार नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे आणि गळाची सामग्री कशी असावी याचा विचार त्यात आहे. म्हणजे दख्खनच्या एका राजाला हा विषय ग्रंथात घालण्याइतका मोलाचा वाटला होता. मग आपण तासभर त्यावर बोललो तर बिघडले कुठे?

आता मुद्द्याकडे येतो. शहाद्याकडची, नंदुरबारकडची तरुण मंडळी हल्ली सुरतेहून किंवा पोस्टाने काठ्या मागवितात आणि मला विचारतात, “काका, डब्यावर बास बास लिहिले आहे, हा बास मासा आपल्याकडे कुठे मिळतो?” नदीत तो मिळत नाही. तो उत्तर अमेरिकेतला. तिथे या एका माशापायी काठ्या, रिळे आणि बनावट आमिषे यांचा केवढा तरी व्यापार उभा राहिला आहे, आणि त्या व्यापाराचा माल आपल्या दुकानांत येऊन पडला आहे. रायगडच्या खाड्यांतील आपल्या जिताड्याला इंग्रजीत आशियाई समुद्री बास म्हणतात खरे, पण त्याचे कूळ निराळे. बाससारखे वागणारा आपला मासा कोणता, असे विचाराल तर मी मरळीचे नाव घेईन. दोघांचे चारित्र्य सारखे. संथ पाणी, काठाचे गवत, बुडालेले झाड, कमळाची पाने यांच्या आडोशाला दबा धरून बसावयाचे, आणि वरून बेडूक किंवा लहान मासा गेला की एकदम झडप घालावयाची. फरक एवढाच की मरळीला हवा घेण्यासाठी पाण्यावर यावे लागते. ती वर येऊन श्वास घेते तेव्हा होणारा तो ‘चुबुक’ आवाज ओळखता आला, तर निम्मे काम झाले.

मी स्वतः मात्र या मार्गाने आलो नाही. माझ्या हाती प्रथम पडले ते हेन्री सलिव्हन टॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे १८७३ सालचे पुस्तक. त्यात महासीरच्या कथा वाचून माझे डोके फिरले. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद केली, त्यात आपल्या लोकांच्या तोंडची ‘खुद्री’, ‘मसुल्ला’ ही नावे शास्त्रीय नावे होऊन बसली, हे वाचून तर अभिमानच वाटला. मग मी दहा फुटांची जाड काठी घेतली, धबधब्याला पुरेल एवढे रीळ घेतले, पितळेचे चमचे घेतले आणि ऐटीत तापीवर आलो. महासीर हा वाहत्या, खळखळत्या पाण्यातला मासा. तापीवर खाली गुजरातेत १९७२ साली उकाई धरण झाले आणि पुढे प्रकाशा व सारंगखेडा येथे बॅरेज झाले; आता माझ्यासमोर पाणी होते ते तळ्यासारखे निवांत, काठाला जलपर्णी. माझा चमचा दर फेकीला पाव शेर गवत घेऊन परत येई. जवळच जाळे साफ करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोईबाबांनी तासभर हा तमाशा पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, हाई काठी दुकानमा चांगली दिसस, नदीमा नही.”

मित्रहो, सारे व्याख्यान खरे तर त्या एका वाक्यात आले. पुस्तक जुन्या नदीचे होते आणि मी नव्या नदीच्या काठी उभा होतो. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी दोन संध्याकाळी नुसते काठावर बसावे. पाणी वाहते की थांबलेले, गवत किती, मासा कुठे वर येतो हे पाहावे.

आता संथ आणि गवताळ पाण्यातील मरळीसाठी काय घ्यावे? काठी साडेसहा ते सात फुटांची पुरे. टोकाशी थोडी लवणारी, पण खाली ताठ कणा असलेली असावी. मरळीचा जबडा हाडाचा आहे. लिबलिबीत काठीने गळ त्यात रुतत नाही, आणि रुतला तरी मासा गवतात शिरण्याआधी त्याला ओढून काढता येत नाही. पूर्वी काठ्या बांबूच्या असत. एके काळी अमेरिकेतल्या काठ्याही ‘कलकत्ता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या हिंदी बांबूच्या होत. पुढे चीनकडच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. आज काचतंतूची काठी आणि कार्बनची काठी असे दोन पर्याय आहेत. कार्बनची हलकी, हाताला बारीकसारीक हालचाल कळविणारी, पण दगडावर आपटली की तडकते. काचतंतूची जड, परंतु सोशिक. नवशिक्याने सोशिकच घ्यावी. सायकलला बांधून नेणाऱ्याने तर नक्कीच. सातपुड्यातला मानवेल बांबू तासून काठी करणारे आहेत, त्यांना मी हसणार नाही. काठाच्या काठाने मासा धरण्यास ती उत्तम. लांब फेकावयाचे असेल तेव्हाच तिचा उपयोग संपतो.

रिळाचे दोन प्रकार. पहिल्यात फेकीबरोबर चाक स्वतःच फिरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने बास धरण्यासाठी असे रीळ घडविले. घड्याळजीचे काम, तेव्हा नाजूकपणा त्यात आलाच. चाकाचा वेग दोरीच्या वेगापेक्षा वाढला की असा गुंता होतो की चिमणीचे घरटे परवडले! दुसऱ्या प्रकारात चाक स्थिर राहते आणि दोरी त्याच्या तोंडावरून सुटत जाते. इंग्लंडात इलिंगवर्थ यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. ते कापडधंद्यातले गृहस्थ होते, आणि बॉबिनवरून सूत सुटताना पाहून ही कल्पना सुचली असे सांगतात. खानदेशात कापूस पिकविणाऱ्यांना यात नवल वाटू नये. मी सांगतो, पहिले रीळ हे दुसऱ्या प्रकारचेच घ्या. त्याचा ब्रेक गुळगुळीत सुटतो ना, एवढे दुकानात हाताने ओढून पाहा. बाकी चकचकाटाला पैसे देऊ नका.

दोरीत मात्र कंजुषी नको. साधा नायलॉनचा तंगूस उघड्या पाण्यात चालतो. गवतात विणलेली दोरी, तीस-चाळीस पौंड ताकदीची, असावी. बारीक दोरीने मोठा मासा धरण्यात मर्दुमकी आहे असे काहींना वाटते. दोरी तुटली की आपण घरी जाऊन गप्पा मारतो, मासा मात्र तोंडात गळ घेऊन जातो.

राहता राहिले आमिष. चमचे, फिरक्या, लाकडी मासे, रबरी गांडुळे यांनी दुकान भरलेले असते. रबरी गांडूळ अमेरिकेत निक क्रीम यांनी बाजारात आणले. त्याआधी हेडन यांनी लाकडाचा बेडूक कोरला होता. आपल्याकडे मरळीसाठी गाव जिवंत बेडूक लावीत आला आहे. ते आता सोडा, कारण बैलबेडूक वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. पोकळ रबरी बेडूक घ्या. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो पानांवरून न अडकता सरकतो. मासा चावला की रबर दबते आणि गळ उघडे पडतात. गवताच्या पलीकडे फेकावा, हळूहळू ओढीत आणावा, मोकळ्या जागी क्षणभर थांबवावा. पाणी उसळले की लगेच हिसका देऊ नका. एक, दोन म्हणा, मग द्या. निम्मे मासे त्या दोन आकड्यांआधी सुटतात. रंगाविषयी विचाराल तर एक पांढरा आणि एक काळा पुरेत. बाकीचे रंग माणसे पकडण्यासाठी असतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. पावसाळ्यात मरळीची पिले बाहेर पडतात. लालसर पिलांचा घोळका पाण्यावर तरंगत असतो, आणि खाली आईबाप पहारा करीत असतात. त्या घोळक्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास धावते, भुकेने नव्हे तर रागाने. हा उपाय कोणत्याही काठीने साधतो, आणि मी तो केला आहे. साडेतीन किलोची मरळ मी काढली, लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी गेलो. काल पाण्याचा जेवढा भाग लाल दिसत होता, त्याची चौथाईही राहिली नव्हती, आणि इतर मासे खालून एकेक पिलू टिपीत होते. मी बराच वेळ तिथे उभा होतो. पुढे वाचनात आले की बास माशाचा नरही घरट्यावर असाच पहारा करतो आणि अमेरिकेतील काही राज्यांत त्याच्या विणीच्या काळात गळ टाकण्यास बंदी असते. आपल्या काठावर तसा पहारेकरी कोणी नाही. लाल घोळका दिसला की मी रीळ गुंडाळतो. इतर दिवशीही गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे नको असलेला मासा इजा न होता सोडता येतो.

आणखी एक. तलाव आणि जलाशय यांचे मासे बहुधा मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असतात. आपला तो विरंगुळा, त्यांची ती भाकरी. आधी विचारावे, नाही म्हणाले तर काठी न उघडता परतावे.

काही तरुणांनी काठ्या पाहावयास मागितल्या आहेत. उद्या सकाळी सहाला मी घाटापासून दूर, वरच्या अंगाला वाळूत असेन. मजजवळ दोन काठ्या आहेत, एक काचतंतूची आणि ती दहा फुटांची. दुसरी पाहून हसावयाची मुभा आहे. रबरी बेडूक मी आणीन. टोपी आणि पाणी आपापले आणावे.