लामालेरा : वांटणीवर उभें असलेलें गांव

इंडोनेशियाच्या नकाशावर जावापासून पूर्वेकडे नजर फिरवीत गेलें, तर बाली, लोंबोक, सुंबावा आणि फ्लोरेस हीं बेटें एका ओळीनें लागतात. फ्लोरेसच्या पूर्व टोकापुढें सोलोर, आडोनारा व लेंबाता अशीं तीन लहान बेटें आहेत. त्यांपैकीं लेंबाताला डच अमदानींत लोंब्लेन म्हणत. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाबालेकान पर्वताच्या पायथ्याशीं, सावू समुद्राकडे तोंड करून लामालेरा नांवाची मच्छीमारांची एक वस्ती आहे. तिचे वरचा व खालचा असे दोन भाग असून लोकसंख्या सुमारें दोन हजार आहे. जेथें जमीन पोसत नाहीं आणि समुद्रहि नेमानें देत नाहीं, तेथें माणसें शेंकडों वर्षें टिकलीं कशीं, आणि यापुढें कशीं टिकतील, हा प्रश्न या वस्तीकडे पाहिलें म्हणजे मनांत उभा राहतो.

लामालेराच्या मागची जमीन खडकाळ व कोरडी आहे. तिच्यावर गांवाचें पोट भरत नाहीं. समोरचा समुद्र मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर फार खोल होतो, आणि अशा खोल पाण्यांतून मोठ्या डोक्याचा, खालच्या जबड्यांत दांत असलेला देवमासा ये-जा करतो. गांवच्या भाषेंत त्याला कोतेक्लेमा म्हणतात. होडींतून जाऊन हातांतल्या भाल्यानें या प्रचंड प्राण्याची शिकार करणें हा लामालेराचा पिढीजात धंदा होय. दांत नसलेल्या मोठ्या देवमाशांना हे लोक परंपरेनें मारीत नाहींत. धंदा किती जुना आहे याची कल्पना १६२४ सालच्या एका पोर्तुगीज कागदावरून येते; या भागांतील लोक भाल्यानें देवमासे मारून त्यांचें तेल काढतात, असा उल्लेख त्यांत आहे.

शिकारीच्या होडीला तेना असें नांव आहे. तिची लांबी दहाबारा मीटर असते. तिच्या फळ्या लांकडी खुंट्यांनीं जोडतात. लोखंडी खिळा वापरीत नाहींत. तेना कोणा एकाची मालमत्ता नसून कुळाची असते. मे महिन्याच्या आरंभीं किनाऱ्यावर प्रार्थना होऊन लेफा नांवाचा शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्यापूर्वीं समुद्रांत प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ पाण्यावर दिवे सोडतात. गांव आज कॅथॉलिक आहे, आणि १९२० च्या सुमारास आलेल्या बर्नार्ड बोडे या जर्मन धर्मोपदेशकाचा त्यांत मोठा हात होता. परंतु पूर्वजांविषयींचे जुने आचार नव्या धर्माच्या शेजारीं अद्याप नांदत आहेत.

होडीच्या नाळेवर बांबूचा मंच बांधलेला असतो. त्याच्या टोकाशीं लामाफा, म्हणजे भालाईत, उभा राहतो. मासा टप्प्यांत आला कीं हा मनुष्य भाल्यासह मंचावरून उडी घेतो आणि सर्व देहाचा भार घालून भाल्याचें पातें माशाच्या पाठींत रुतवितो. पात्याला दोर बांधलेला असतो. मग घायाळ मासा होडीला तासचे तास ओढीत नेतो. शेपटीच्या तडाख्यानें होडी फुटावी, धांवत्या दोरांत पाय सांपडून मनुष्य खोल पाण्यांत ओढला जावा, असे प्रसंग येतात. १९९४ सालीं कांहीं होड्या अशाच तिमोरच्या दिशेनें दूरवर ओढल्या गेल्या. होड्या गमावल्या, पण माणसें एका प्रवासी जहाजाच्या दृष्टीस पडल्यामुळें वांचलीं.

मासा किनाऱ्याला लागला म्हणजे या वस्तीची खरी व्यवस्था दृष्टीस पडते. कापणी मन मानेल तशी होत नाहीं. अंगाचा कोणता भाग कोणाचा, हें आधींच ठरलेलें असतें. होडीच्या मालक-कुळाचा वांटा वेगळा, वल्हेकऱ्यांचा वेगळा, भालाइताचा वेगळा. होडी बांधणारा सुतार, पातें घडविणारा लोहार आणि शीड विणणारा यांचेहि वांटे ठरलेले. ज्याला वांटा मिळाला तो आपल्यांतून सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि घरीं कर्ता पुरुष नसलेल्या विधवांना देतो. या रीतीमागें भाबडा दानधर्म नाहीं. एका दिवशीं कित्येक टन मांस हातीं येतें आणि पुढें कित्येक आठवडे कांहींच मिळत नाहीं. आज ज्याच्या होडीला मासा मिळाला त्याला उद्यां दुसऱ्याच्या होडीकडे पाहावें लागतें. अशा ठिकाणीं शेजाऱ्याच्या घरांत टाकलेला वांटा हीच अडीअडचणीची शिल्लक ठरते.

या वृत्तीची पारख मायकेल आल्व्हार्ड या मानववंशशास्त्रज्ञानें एका खेळानें केली. दोघांपैकीं पहिल्याला एक ठराविक ठेव देऊन तिच्यांतील किती भाग दुसऱ्यास द्यावा हें ठरवावयास सांगावयाचें. दुसऱ्यानें तो भाग नाकारला तर दोघांचेहि हात रिकामे. पैशांचा खेळ जुगारासारखा दिसूं नये म्हणून येथें पैशांऐवजीं सिगारेटी वापरल्या. जगांतील पंधरा लहान समाजांत हा खेळ खेळला गेला व २००१ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लामालेरांत पहिल्यानें देऊं केलेला भाग सरासरीनें सुमारें ५८ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक, होता. पंधरा समाजांत इतका मोठा भाग दुसरीकडे कोठेंहि आढळला नाहीं.

वांटणीनंतरचें काम बायकांचें. मांसाच्या पट्ट्या बांबूच्या मांडवांवर वाळत घालतात व त्यांतून गळणारें तेल धरून ठेवतात. वाळलेलें मांस, मासळी, मीठ आणि चुना डोक्यावर घेऊन बायका डोंगरांतल्या गांवीं जातात किंवा वुलान्दोनीच्या आठवड्याच्या बाजारीं बसतात, आणि मोबदल्यांत मका, केळीं व कंदमुळें आणतात. पैशाचें युग येऊनहि हा वस्तुविनिमय नष्ट झालेला नाहीं. समुद्रावरच्या पुरुषांच्या धाडसाचें धान्यांत रूपांतर होतें तें या बायकांच्या पायपिटीमुळें.

ही जुनी घडी बदलण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेनें शिकार आधुनिक करण्यासाठीं एक नॉर्वेजियन तज्ज्ञ येथें पाठविला होता. तो उद्योग टिकला नाहीं; तेना टिकली. पुढें मात्र यंत्र आपल्याच पावलांनीं आलें. होडीच्या मागें लावावयाचीं मोटरयंत्रें आलीं आणि अशा होड्यांना गांवांत जॉन्सन हेंच नांव पडलें. त्यांबरोबर जाळींहि आलीं. बदलाचें मर्म येथें आहे. देवमाशाला दहाबारा माणसें लागतात, म्हणून तो सर्वांचा होतो. जाळें एका घराचें असतें, म्हणून त्यांतील मासळी त्या घराची होते. शिवाय यंत्राला इंधन लागतें आणि इंधन मक्याच्या मोबदल्यांत मिळत नाहीं. त्याला रोख पैसा लागतो.

दुसरा प्रश्न निसर्गरक्षणाचा. १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आलेली आंतरराष्ट्रीय बंदी या गांवाला लागू पडत नाहीं, कारण इंडोनेशिया त्या आयोगाचा सभासद नाहीं. देशाच्या १९९९ च्या नियमानें देवमाशांना संरक्षण मिळालें, तरी लामालेराची पारंपरिक शिकार चालूं राहिली. २००९ सालीं सावू समुद्रांत सुमारें ३५ लक्ष हेक्टरांचें राखीव क्षेत्र जाहीर झालें, तेव्हां गांवकऱ्यांनीं जोरानें विरोध केला व त्यांच्या बाजूचें पाणी वगळण्यांत आलें. विसाव्या शतकांत कारखानदारी जहाजांनीं मारलेल्या लाखों देवमाशांशीं या गांवाच्या मोजक्या शिकारीची तुलना करणें अन्यायाचें होईल. परंतु गांवकरी मांता नांवाचे मोठे पंखवाले मासेहि मारतात, आणि या माशाची मादी वर्षादोनवर्षांनीं किंवा त्याहूनहि उशिरां एकच पिल्लू देते. यंत्रहोडीच्या वेगापुढें अशी संथ वाढ टिकणें कठीण. २०१४ सालीं मांतालाहि कायद्याचें संपूर्ण संरक्षण मिळालें. तेव्हां जुन्या हक्काचें समर्थन नव्या साधनांना तसेंच्या तसें लागू होत नाहीं, हें गांवाच्या मित्रांनींहि कबूल केलें पाहिजे.

तिसरी वाट विद्येची. मिशनच्या शाळांमुळें लामालेराचीं मुलें फार पूर्वींपासून बाहेर पडूं लागलीं. इंडोनेशियन भाषेचे नामांकित वैयाकरण गोरिस केराफ यांचा जन्म १९३६ सालीं येथेंच झाला, आणि आपल्या प्रबंधासाठीं त्यांनीं याच गांवच्या बोलीचा अभ्यास केला. १९९९ ते २००१ या काळांत देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफ हेहि लामालेराचेच. परंतु शिकलेला मुलगा बहुधा परत वल्ह्यावर बसत नाहीं. तेनेला माणसें कमी पडतील, तर तिच्याबरोबर वांट्यांचा तो सर्व हिशेबहि पडेल, ही भीति खोटी नाहीं.

तरीहि गांवानें एक तडजोड स्वतःच शोधून काढली आहे. देवमासा दिसला कीं यंत्रहोडी तेनेला ओढीत त्याच्याजवळ नेते. तेथें दोर सुटतो आणि पुढचें काम वल्हें व भाला यांनींच होतें. माशाचे वांटेहि जुन्या हिशेबानें पडतात. वेग नव्याचा घ्यावा आणि वांटणी जुन्याची ठेवावी, हा निर्णय कोणा बाहेरच्या तज्ज्ञानें दिलेला नाहीं. उद्यां कायद्यानें किंवा समुद्रानेंच देवमासा हिरावून घेतला, तर जाळ्यांतील मासळीला आणि दूर शहरांतून येणाऱ्या पैशालाहि हाच हिशेब लावतां येईल काय, यावर लामालेराचें पुढचें जीवन अवलंबून आहे. होडींत नसलेल्या माणसाचाहि वांटा धरावयाचा, ही संवय या गांवाला शेंकडों वर्षांची आहे. ती त्याला नव्यानें शिकावयाची नाहीं.