बसून पाहिलेली राजधानी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणीतरी आपल्या प्रवासाची हकीकत सांगायची, अशी मंडळाची पद्धत आहे. यंदा ती पाळी माझी आहे. पोलंड देशात क्राकोव नावाचे शहर आहे. तिथे माझी भाची नोकरीला असते. तिच्याकडे मी आणि माझी आई जाऊन आलो. आईचे वय ७२, आणि दोन्ही गुडघे दुखरे. म्हणून ते शहर कसे आहे हे तर मी सांगणारच, पण जिला चालवत नाही त्या बाईने शहर कसे पाहावे, हेही मला सांगायचे आहे.

"तुम्ही सगळे बघून या, मी इथे पिशव्यांपाशी बसते." हे वाक्य ज्या घरात कोणी बोललेले नाही, असे घर आपल्या गल्लीत सापडायचे नाही. जोतिबाच्या पायऱ्यांवर आपण ते ऐकतो, किल्ल्याच्या पायथ्याशी ऐकतो. बोलणारी आई असते, सासूबाई असतात, नाहीतर आत्याबाई. त्या हसत बोलतात, म्हणून आपणही फार आग्रह करीत नाही. क्राकोवच्या चौकात पहिल्याच सकाळी आईने हेच वाक्य म्हटले आणि बाक शोधू लागली.

भाची म्हणाली, "आजी, इथे बसायचे ते बाकावर नाही, गाडीत." आणि तिने एक विजेवर चालणारी उघडी गाडी ठरवली. तिकडे या गाडीला मेलेक्स म्हणतात. ते खरे म्हणजे पोलंडातल्याच एका कारखान्याचे नाव. १९७० च्या दशकात तिथे अमेरिकेतील गोल्फच्या मैदानांसाठी अशा गाड्या तयार होऊ लागल्या. आता तशी कोणतीही गाडी असली तरी लोक तिला मेलेक्सच म्हणतात. वर नुसते छत, बाजूला दारे नाहीत, पाऊस आला तर पारदर्शक पडदे सोडायचे. चढायला एकच बुटकी पायरी. बॅटरीवर चालते, त्यामुळे धूर नाही आणि इंजिनाची घरघर नाही. दगडी फरसबंदीवर चाकांचा खडखडाट तेवढा होतो.

गाडी अशी शांत असण्याचा उपयोग तिथेच कळला. चौकातल्या सेंट मेरी देवळाच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला चारी दिशांना तुतारी वाजते. सूर रंगात येतो आणि मध्येच तुटतो. अशी दंतकथा आहे की, तार्तारांची धाड आली तेव्हा पहारेकरी इशारा देत होता. त्याच्या गळ्यात बाण घुसला आणि सूर अर्धाच राहिला. म्हणून आजही तो अर्धाच वाजवतात. आईने ते ऐकून दोन्ही हात जोडले.

हा चौक १२५७ साली आखलेला आहे, आणि एकेक बाजू सुमारे २०० मीटर आहे. मधोमध कापडबाजाराची लांबलचक इमारत. जुनी इमारत १५५५ साली जळाली, मग सध्याची देखणी इमारत उभी राहिली. आता तिथे कापडाऐवजी पिवळ्या अंबर खड्यांचे दागिने आणि लाकडी वस्तू मिळतात. पुढे गाडी कोटाच्या शिल्लक राहिलेल्या वेशीपाशी जाते. बाकीचा कोट एकोणिसाव्या शतकात पाडला आणि त्या जागी जुन्या गावाभोवती गोल बाग केली. ज्या विद्यापीठात कोपर्निकस शिकला, ते १३६४ साली स्थापन झालेले विद्यापीठही याच गावात आहे. राजाने आपला मुक्काम वॉर्साला हलवला तो १६०० च्या आगेमागे. तोवर पोलंडची राजधानी हीच.

वावेल टेकडीवर राजवाडा आहे आणि राजांचा राज्याभिषेक होई ते मोठे देऊळ आहे. गाडी चढाखालीच थांबते. पण तोवरचे सगळे अंतर बसून झाल्यामुळे आईच्या पायांत बळ शिल्लक होते. माझा हात धरून, दोनदा थांबून, ती वर गेली. गाडीचा खरा फायदा हा आहे, भगिनींनो. नको तिथले चालणे ती वाचवते, म्हणजे हव्या त्या ठिकाणी चालता येते.

मग विस्तुला नदी ओलांडून आम्ही एका मोकळ्या चौकात आलो. तिथे मोठमोठ्या धातूच्या खुर्च्या ओळीने मांडल्या आहेत आणि एकीवरही कोणी नाही. १९४१ साली जर्मनांनी शहरातल्या ज्यू लोकांना या भागात भिंत घालून कोंडले. जिथे तीनएक हजार माणसे राहत होती तिथे १५ हजारांहून अधिक कोंबली. मार्च १९४३ मध्ये ती वस्ती रिकामी केली. कित्येकांना तिथेच मारले, बाकीच्यांना छावण्यांत नेले. त्यांच्या आठवणीसाठी २००५ साली या खुर्च्या मांडल्या. आई गाडीतून उतरली, एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "घरातले सामान रस्त्यावर आले की समजावे, माणसे गेली."

परत गाडीत बसल्यावर ती भाचीला म्हणाली, "त्या गाडीवाल्याला सांग, आमच्या गावाजवळ तुमची माणसे राहून गेली आहेत." वळिवड्याच्या छावणीची गोष्ट आपण कोल्हापूरकरांनी ऐकलेली आहे. हे लोक वेगळे. पूर्व पोलंडातून रशियाने १९४० पासून सैबेरियाकडे नेलेले. सुटका झाल्यावर ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, वळिवड्याला राहिली. त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होते. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आपण साड्या घ्यायला जातो ते गांधीनगर वसले. आईने हे सगळे तिच्या आईकडून ऐकले होते. ती सांगत गेली, भाची तिकडच्या भाषेत सांगत गेली. गाडीवाल्याने ध्वनिमुद्रित माहिती बंद केली आणि गाडी कडेला घेऊन शेवटपर्यंत ऐकले. त्या यंत्रात शहराची खूप माहिती होती, पण ही नव्हती. आई सकाळी बाकावर बसून राहिली असती तर ती त्याला कोणी सांगितली असती?

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. अशी गाडी ठरवताना भाडे, वेळ आणि कुठे कुठे थांबणार, हे आधी बोलून घ्यावे. उघड्या गाडीत वारा फार लागतो, म्हणून कानाला रुमाल आणि अंगावर शाल हवीच.

आणि एक विनंती. आपली पुढची सहल रायगडाला न्यावी असे बोलणे चालले आहे. तीही राजधानीच. १९९६ पासून तिथे रोप-वे आहे. त्याचे भाडे वर्गणीतच धरावे, म्हणजे कोणा वडीलधाऱ्या बाईला वेगळे पैसे मागण्याचा संकोच होणार नाही. वर गेल्यावर त्यांच्या चालीने चालावे; दोन ठिकाणे कमी पाहिली तरी चालतील. पिशव्या आपण तरण्या बायकांनी आळीपाळीने सांभाळाव्या.