आरोग्याचा हक्क : कार्डाचा की माणसाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. शाळेचे म्हणाल तर नववी नापास. पुढे जे काय शिकलो ते गिरणीत, युनियनच्या हापिसात आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. कमिटीने सांगितले, यंदा आरोग्यावर बोला. का सांगितले ते तुम्हालाही ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीतल्या तीन घरांत दवाखान्याच्या बिलापायी दागिने मोडले गेले. नावे घेत नाही, पण ती माणसे इथे बसलेली आहेत. म्हणून हा विषय आम्ही पुस्तकातून नव्हे, घरातून सुरू करतो.

आमचे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. आपली माणसे त्या काळी कुठल्या खात्यात असत हे जुन्या लोकांना माहीत आहे. विणखात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, तेव्हा अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा नको म्हणून आमच्या आज्याच्या पिढीला तिथे घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. विणखाते बंद, मग उरली कापसाच्या धुळीची खाती. म्हणजे जात नुसती पगार ठरवत नव्हती, छातीत काय जाणार तेही ठरवत होती.

कापसाच्या धुळीने जो छातीचा रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टी संपवून कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. वडिलांना हा शब्द माहीत नव्हता. ते म्हणायचे, "आज सोमवार हाय, आज छाती बोलणार." पण त्यांच्याकडे ई.एस.आय.चे कार्ड होते. दवाखान्यात जायचे, औषध घ्यायचे, रजेचे पैसे मिळायचे. कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पगार थांबला, वर्गणी थांबली आणि मुदत संपल्यावर कार्डही थांबले. एके दिवशी वडील दवाखान्याच्या खिडकीवरून तसेच परत आले. आये म्हणाली, "काय झालं?" तर म्हणाले, "अगं, संप मी केलाय, माझ्या छातीनं नाय केला." १९८५ साली ते गेले. आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतो. ते वाक्य आजवर आमच्या डोक्यातून गेलेले नाही. आजच्या भाषणाचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात आहे.

आता थोडा इतिहास. आपण सरसकट म्हणतो की ई.एस.आय.चा कायदा बाबासाहेबांनी केला. नेमके सांगायचे तर ते १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. पुढे १९४८ साली कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, आणि १९५४ साली ती मुंबईत आली. पाया बाबासाहेबांच्या काळात घातला गेला, हे खरे आणि पुरेसे मोठे आहे. त्याला आणखी फुगवण्याची गरज नाही.

पण त्याच काळात दुसराही एक कागद तयार होत होता. १९४३ सालीच सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. तिचे मूळ तत्त्व असे की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही माणूस उपचाराला मुकता कामा नये.

बंधूंनो, हे दोन कागद नीट शेजारी ठेवून बघा. आडारकरांची योजना विचारते : तू कुठे काम करतोस, वर्गणी भरलीस का? भोर समिती विचारते : तुला काय होतंय? पहिला कागद कायदा झाला, आणि त्याने आमच्यासारख्या लाखो घरांना आधार दिला. त्याची निंदा आम्ही करणार नाही. दुसरा कागद मात्र पूर्णपणे कधीच अमलात आला नाही. आज जो वाद चालू आहे तो या दोन प्रश्नांमधलाच वाद आहे.

आमचे स्वतःचे काय झाले ते सांगतो. १९८९ साली आम्ही बदली म्हणून गिरणीत लागलो, पुढे कायम झालो. २००१ साली गिरणी बंद पडली. ई.एस.आय.च्या नियमांत पुढे अशी तरतूद झाली की पाच वर्षे विमा असलेला कामगार निवृत्त झाला किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि जोडीदाराला उपचार मिळत राहावेत. पण आमच्या हातात निवृत्तीचा कागद नव्हता, स्वेच्छानिवृत्तीचाही नव्हता. गेटला कुलूप होते. कुलपाचा दाखला कोण देणार?

मग ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामाला लागलो. पगार ६,००० रुपये. त्या वेळच्या दराने १.७५ टक्के, म्हणजे महिन्याला १०५ रुपये पगारातून ई.एस.आय.साठी कापले जात. २०१० साली आमच्या मंडळींना पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास सुरू झाला. पावत्या घेऊन गेलो, तर संगणकावर आमच्या नावापुढे काहीच नाही. ठेकेदाराने पैसे कापले होते, भरले नव्हते. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली, इकडे दुखणे रात्र काढू देईना. शेवटी व्याजाने ३५,००० रुपये काढले आणि खासगीत ऑपरेशन केले. ते कर्ज फिटायला चार वर्षे लागली, आणि तेवढ्यात मोठ्या मुलीचे कॉलेज सुटले. ती आज इथे बसली आहे. तिने कधी बोलून दाखवले नाही. आम्ही मात्र आज सर्वांसमोर बोलून दाखवतो, कारण दवाखान्याचे बिल नुसते आजारी माणूस भरत नाही.

आता कोणी म्हणेल, ते जुने झाले, आता योजना आहेत. आहेत. खोटे कशाला बोलायचे? २३ सप्टेंबर २०१८ ला आयुष्मान भारत योजना सुरू झाली. तीत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे झालेल्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, तीत घेतले. आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती सर्व रहिवाशांना लागू करण्याचे २०२३ साली ठरले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले गेले. सरकारी हिशेबाप्रमाणे आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणाच आहे. पण तरीही १०० रुपयांतले ३९ रुपये आजाऱ्याच्या घरातूनच जातात.

आणि ते जातात कशावर? आयुष्मानची योजना दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. बाहेरच्या बाहेर तपासून रोज घ्यायच्या गोळ्या तीत बसत नाहीत. आता आपल्या चाळीतली एखादी आजी घ्या. तिला ब्लडप्रेशर आहे. महिनाअखेरीस पैसे संपले की ती गोळी एक दिवसाआड घेते, मग दोन दिवसांआड. एक दिवस तिला लकवा मारतो. त्या दिवशी ती योजनेत बसते! गोळीला पैसे नाहीत, लकव्याला आहेत. हा कुठला हिशोब? २०२२ पासून मुंबईत महापालिकेने 'आपला दवाखाना' सुरू केले. तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, ही वाट बरोबर आहे. पण प्रत्येक वस्तीत तो हवा, कामावरून सुटल्यावर उघडा हवा आणि त्यात औषध शिल्लक हवे.

कामगारांसाठीही दारे अरुंदच आहेत. ई.एस.आय.ची पगारमर्यादा २०१७ साली २१,००० रुपये केली गेली. त्यावर पगार गेला की माणूस बाहेर. सर्वसाधारणपणे दहा कामगार नसतील तर ते दुकान बाहेर. घरकाम करणारी आमची बहीण, नाक्यावर उभा राहणारा भाऊ, भाजीची गाडी लावणारी मावशी, यांचा मालक कोण आणि त्यांची वर्गणी भरणार कोण? १९४८ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, पण खिडकीवरचा प्रश्न तोच राहिला तर आपल्याला काय फरक पडला?

हा आपलाच रोग नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात बहुतेक कामकरी माणसांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला आहे. २०१० साली तिथे मोठा कायदा झाला, विमा नसलेल्यांची संख्या पुष्कळ उतरली, तरी २०२३ साली अडीच कोटींहून जास्त माणसे बिनविम्याची होती. उलट ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला, म्हणजे आपला ई.एस.आय. कायदा झाला त्याच वर्षी, करांच्या पैशातून सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू केली. आणि थायलंड तर श्रीमंतही नाही. त्याने २००२ पर्यंत सर्व नागरिकांना सरकारी खर्चाने उपचारांच्या छत्राखाली आणले, बाहेरच्या तपासणीसकट.

आमचा एक जुना गिरणीतला सोबती आहे. तो म्हणतो, "फुकट मिळालं की किंमत राहत नाय. आपण वर्गणी भरायचो म्हणून डॉक्टरशी ताठ मानेनं बोलायचो." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. वर्गणीने आम्हाला मान दिला होता. दान म्हणून मिळालेले औषध घशाखाली उतरत नाही. पण आम्ही त्याला विचारले, "अरे, साबणाच्या वडीवर कर कोण भरतो? बिस्किटाच्या पुड्यावर?" जन्मल्यापासून मरेपर्यंत गरीब माणूस कर भरतो. मग त्या पैशातून चालणारा दवाखाना फुकटचा कसा? ती आपलीच वर्गणी आहे. तिचे कार्ड नाही, एवढेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. मागायचे ते हेच : आपली वर्गणी आपल्या दवाखान्यात घाला.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, नोकरीत असताना आणि नोकरीनंतरही. 'नोकरीनंतरही' हे शब्द आमच्या वडिलांनी ऐकायला हवे होते. दहा वर्षे उशीर झाला.

आता नुसते भाषण नको, काम सांगतो. एक, जे ठेकेदाराकडे कामाला आहेत त्यांनी ई.एस.आय.चा नंबर मागून घ्यावा, पगाराच्या पावत्या जपाव्यात आणि वर्गणी जमा होते की नाही ते दर तीन महिन्यांनी मोबाईलवर बघावे. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ मालकाची जबाबदारी असते, हे लक्षात ठेवा. दोन, दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल लावू. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी तिथे बसून वस्तीतल्या घराघराची वही करावी : कोणाकडे कुठले कार्ड आहे, कोणाकडे काहीच नाही. तीन, ज्यांना रोजची गोळी लागते त्यांची वेगळी यादी करू आणि ती घेऊन नगरसेवकाकडे, आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊ. विनंती करायला नव्हे, हिशोब विचारायला.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. विनयपिटकात ती आहे. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागत आणि आनंद तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा कोणी का करत नाही? तेव्हा कळले की हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. बंधूंनो, हाच तो नियम! कामाचा आहे तोवर औषध, निकामी झाला की पडू द्या. आमच्या वडिलांना खिडकीवर हाच नियम लावला गेला. तथागतांनी काय केले? उपदेश नंतर केला. आधी आनंदाला पाणी आणायला सांगितले, मग दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. तू संघाच्या काय उपयोगाचा, असे विचारले नाही.

दवाखान्याच्या खिडकीवरचा पहिला प्रश्न बदलेपर्यंत आपले काम संपलेले नाही. येत्या रविवारी टेबल लागेल. पहिले नाव आमच्याच घराचे लिहा.